पायडलची वीज

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आम्ही श्रीवर्धन तालुक्यात गावीच होतो. पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. काही दिवसांनी मोबाईलला रेंज आली. पण फोन चार्ज करणार कशावर? धाकटा भाऊ कुवेतला. अम्मी रोज नमाज झाली की बंद फोन हातात घेऊन बसायची.

तेव्हाच ठरवलं, घरात वीज बनवायचं साधन हवं. भंगारातून ई-स्कूटरची जुनी २४ व्होल्टची मोटर आणली. मोटरला वीज दिली की ती फिरते. तीच बाहेरून फिरवली की वीज देते. सायकल स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढला, रिमवरून मोटरच्या पुलीला पट्टा घातला आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जोडली. पायडलला पाय लागण्याआधीच चाक गरगर फिरायला लागलं! मुलं पोट धरून हसली. बॅटरी भरायला निघालो होतो, तीच मोटर फिरवून रिकामी होत होती.

उपाय छोटासा होता: मध्ये १० अँपिअरचा डायोड. तो वीज एकाच दिशेने, मोटरकडून बॅटरीकडे, जाऊ देतो. बॅटरीजवळ फ्यूजही बसवला.

मग लेकीने हिशेब मांडला. या बॅटरीला २ अँपिअरपेक्षा जास्त देऊ नये. म्हणजे तासभर पायडल मारलं की जेमतेम २ अँपिअर-तास, साधारण २४ वॉट-तास. तेवढ्यात एक मोबाईल भरतो, किंवा ५ वॉटचा बल्ब चारेक तास जळतो. घामाघूम होऊन ती म्हणाली, "अब्बा, पंखा उगाच चालू ठेवायचा नाही हं!"

बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली की थांबायचं. त्यापुढे रेटलं तर ती तापते, गॅस सोडते. म्हणून हे काम ओटीवर, उघड्या हवेत. आणि भरलेली बॅटरी कपाटात विसरायची नाही. पडून राहिली की उतरते आणि खराब होते. दर दोन महिन्यांनी आमच्याकडे पायडलची पाळी लागते. मे महिन्यातली पाळी मात्र अम्मी स्वतः आठवण करून लावून घेते.