विश्लेषण : एका आठवड्यात ९७व्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर… गाणी एवढी उडी कशी घेतात?

फेब्रुवारी २००९ मध्ये केली क्लार्कसनचं ‘माय लाइफ वुड सक विदाउट यू’ हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड ‘हॉट १००’ चार्टवर एका आठवड्यात ९७व्या क्रमांकावरून थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. सात दिवसांत लाखो लोकांची आवड बदलली, असं यावरून कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अशा विक्रमामागे श्रोत्यांइतकाच मोजणीच्या नियमांचा आणि रेडिओ कंपन्यांच्या निर्णयांचा हात असतो.

मोठ्या उड्यांचे विक्रम कोणते?

एप्रिल १९६४ मध्ये बीटल्सचं ‘कान्ट बाय मी लव्ह’ २७व्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आलं. हा विक्रम ३८ वर्षं टिकला. २००२ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकलेल्या केली क्लार्कसनच्या ‘अ मोमेंट लाइक धिस’ने ५२वरून १वर झेप घेत तो मोडला. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटनी स्पीअर्सचं ‘वुमनायझर’ ९६वरून १वर गेलं आणि काही महिन्यांतच क्लार्कसनने त्यालाही मागे टाकलं. २०१९ मध्ये टेलर स्विफ्टचं ‘मी!’ १००वरून २वर गेलं. ही ९८ क्रमांकांची उडी होती, मात्र पहिला क्रमांक हुकला.

उडी इतकी मोठी का दिसते?

‘हॉट १००’मध्ये रेडिओवरचं वादन, विक्री आणि (अलीकडे) स्ट्रीमिंग यांची बेरीज होते. पण हे आकडे नेहमी एकाच वेळी सुरू होत नाहीत. २००८-०९च्या सुमारास बड्या कलाकारांची गाणी अनेकदा आधी रेडिओवर यायची आणि डाउनलोडची विक्री नंतर सुरू व्हायची. पहिल्या आठवड्यात फक्त थोडंसं रेडिओवादन मोजलं जायचं, त्यामुळे गाणं तळाशी दिसायचं. पुढच्या आठवड्यात विक्रीचा पूर आला की ते थेट शिखरावर. क्लार्कसनच्या गाण्याचे त्या आठवड्यात २ लाख ८० हजार डाउनलोड विकले गेले होते.

टेलर स्विफ्टच्या बाबतीत कारण कॅलेंडरचं होतं. २०१९ मध्ये विक्री आणि स्ट्रीमिंगचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार, तर रेडिओचा सोमवार ते रविवार असा मोजला जात होता. शुक्रवारी आलेल्या ‘मी!’चं आधी फक्त तीन दिवसांचं रेडिओवादन धरलं गेलं आणि गाणं १००व्या क्रमांकावर आलं. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात जमा झालं. २०२१ मध्ये अ‍ॅडेलचं ‘ईझी ऑन मी’ मोजणीचा आठवडा संपायला पाच तास उरले असताना आलं. त्यामुळे ते आधी ६८व्या आणि नंतर पहिल्या क्रमांकावर दिसलं.

म्हणजे, अनेकदा उडी मोठी दिसते कारण सुरुवातीचा आकडा अर्धवट असतो.

फक्त रेडिओच्या चार्टवर काय होतं?

रेडिओचा स्वभाव संथ आहे. ऐकणाऱ्याने चॅनेल बदलू नये म्हणून स्टेशनं नवं गाणं जपून वाढवतात आणि चाललेलं गाणं लवकर सोडत नाहीत. द वीकेंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ २०२० मध्ये ‘रेडिओ साँग्ज’ चार्टवर २६ आठवडे पहिलं होतं.

त्यामुळे रेडिओच्या चार्टवर एखादं गाणं अचानक वर आलं, तर बहुतेकदा अनेक स्टेशनांनी ते एकदम उचललेलं असतं. २००१ मध्ये जॅनेट जॅक्सनचं ‘ऑल फॉर यू’ आणि २०११ मध्ये लेडी गागाचं ‘बॉर्न धिस वे’ याच पद्धतीने देशभर एकदम वाजलं. गागाच्या गाण्याने ‘रेडिओ साँग्ज’मध्ये थेट सहाव्या क्रमांकावर प्रवेश केला.

आयहार्टमीडियासारख्या एका कंपनीकडे ८५०हून अधिक स्टेशनं आहेत. तिच्या ‘ऑन द व्हर्ज’ उपक्रमात निवडलेलं गाणं प्रत्येक सहभागी स्टेशनने किमान १५० वेळा वाजवायचं, असा नियम होता. इगी अझेलियाचं ‘फॅन्सी’ अशा निवडलेल्या गाण्यांपैकी एक.

मग पैसे देऊनही उडी मारता येते का?

हाच खरा वादाचा मुद्दा आहे. पैसे घेऊन गाणं वाजवायचं आणि ते श्रोत्यांना सांगायचं नाही, याला अमेरिकेत ‘पेओला’ म्हणतात. १९६० पासून तो कायद्याने गुन्हा आहे. तरीही २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पित्झर यांच्या चौकशीनंतर सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर भरून समझोता केला.

त्या चौकशीत एक युक्ती समोर आली. कंपन्या जाहिरातीचा वेळ विकत घेऊन, अनेकदा रात्री उशिरा, आपलं गाणं वाजवून घेत. पॉप रेडिओच्या चार्टवर गाणं किती वेळा वाजलं हे मोजलं जातं. ऐकणारे किती होते, हे त्यात येत नाही. त्यामुळे पहाटे तीनचं वादनही संध्याकाळच्या गर्दीतल्या वादनाइतकंच भरतं.

प्रश्न अजून संपलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी आयहार्टला पत्र लिहून विचारणा केली : महोत्सवात कमी मानधनात गाणाऱ्या कलाकारांना बदल्यात जास्त वादन मिळतं का? सहभागाचा वादनाशी संबंध नसल्याचं कंपनीने म्हटलं. विशेष म्हणजे रेडिओवादन मोजणारी ‘मीडियाबेस’ ही सेवाही आयहार्टच्याच मालकीची आहे.

विक्रमाची बातमी वाचताना काय पाहावं?

आधीच्या आठवड्याची मोजणी पूर्ण होती की काही तासांची, वाढ विक्रीची आहे की रेडिओची आणि रेडिओची असेल तर किती वेगवेगळ्या मालकांच्या स्टेशनांवर झाली, हे तीन प्रश्न विचारावेत. गाणं खरंच आवडलंय का, हे उडीच्या आठवड्यात कळत नाही. त्यासाठी पुढचे दहा आठवडे पाहावे लागतात. जाहीर झालेला क्रमांक एका आठवड्यात मिळवता येतो, पण तिथे टिकायला श्रोतेच लागतात.