दोनशेची सरासरी, दोन पुतळे

खेळावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी अलीकडे माजी खेळाडूंच्या समालोचनाची हजेरी घेतली आहे. घ्यावी, घेण्यासारखे पुष्कळ आहेत. पण बळी म्हणून त्यांनी निवडला बॉब युकर, मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाचा रेडिओवरचा आवाज. युकर १६ जानेवारी २०२५ रोजी वारला, तेव्हा एक्याण्णवावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. त्यामुळे उत्तर द्यायला तो नाही. असता तरी दिले नसते म्हणा. उलट या गृहस्थांचे आरोप त्याने आणखी मीठमसाला लावून स्वतःच सांगितले असते, आणि टाळ्या घेतल्या असत्या.

आरोपपत्र असे. युकर सर्वोच्च पातळीवर सहा मोसम खेळला, १९६२ ते १९६७. २९७ सामने, १४ होमरन, सरासरी ०.२००. म्हणजे खेळाडू म्हणून नापास. मग या नापास माणसाने ५४ मोसम माइकसमोर बसून पास झालेल्यांच्या खेळाचे वर्णन केले. मधल्या वेळात बिअरच्या जाहिराती केल्या, टीव्ही मालिकेत काम केले, सिनेमात बरळणारा समालोचक रंगवला, कुस्तीच्या रिंगणातही मिरवून आला. स्वतःच्या अपयशाचे भांडवल करून लोकांना हसवले. आणि एवढ्यासाठी मिलवॉकीकरांनी त्याचे दोन पुतळे उभारले, त्यातला एक थेट थोर बॅटर हँक अॅरनच्या पुतळ्याच्या पंगतीत! तात्पर्य, अमेरिकेचा ऱ्हास झाला आहे.

ऱ्हासाचे आधी उरकतो. अमेरिकेचा ऱ्हास सिद्ध करायला मिलवॉकीपेक्षा बळकट पुरावे मिळतील, त्यांनी शोधावेत.

आता ०.२००. हा आकडा लेखात अनेक ठिकाणी येतो आणि दर वेळी अशा थाटात, की जणू प्रगतिपुस्तकातली लाल रेघ. माझी दाट शंका आहे की गृहस्थांनी तो शाळेतल्या गुणांसारखा वाचला. शंभरात वीस! तसेच वाचायचे असेल तर आपल्याकडच्या पस्तीस टक्क्यांचा नियम सगळ्यांनाच लावू. बेब रूथची कारकिर्दीची सरासरी ०.३४२. नापास. टेड विल्यम्स, ०.३४४. नापास, फार तर एखादा ग्रेस मार्क देऊन पाहा. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मारणारा बॅटर मोठा मानला जातो आणि उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परततो. युकरच्या काळात लीगची सर्वसाधारण सरासरी ०.२५०च्या आसपास होती. युकरने ७३१ संधींमध्ये १४६ हिट मारले. चारचौघांत आणि त्याच्यात फरक पडला तो वीस संधींमागे एका हिटचा. या एका हिटवर एक अख्खा माणूस निकालात काढायचा, आणि तोही अशा पिचरांसमोर उभा राहिलेला, ज्यांचे चेंडू या गृहस्थांनी आणि मी स्टँडमधून पाहिले असते तरी डोळे मिटले असते.

त्यातही युकर कॅचर होता. लेखात हा शब्द एकदाच येतो, तोही ओझरता. मैदानातले बाकी आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात. कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून उकिडवा बसतो. कोणता चेंडू टाकायचा याची खूण तोच करतो. बॅटरचे पाय कुठे आहेत, पिचर कधी थकला, पंचाचा हात आज कोणत्या बाजूला सैल आहे, हे त्याला सगळ्यांत आधी कळते. सगळा खेळ ज्याला समोरून दिसतो असा मैदानात हा एकच खेळाडू. आणि राखीव कॅचरच्या वाट्याला याहून जास्त येते, कारण तो बहुतेक दिवस बाकावर बसून नुसते पाहतच असतो. १९६४ साली सेंट लुइस कार्डिनल्सने न्यूयॉर्क यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. युकर त्या संघात होता आणि सातही सामन्यांत त्याला एकदाही मैदानात उतरवले नाही. त्याने मात्र एका सामन्याआधी बँडवाल्यांचा ट्यूबा उचलून त्यात उंच चेंडू झेलण्याचा सराव केला. गृहस्थांना यात पोरकटपणा दिसतो. मला यात रेडिओसाठी लागणारा स्वभाव दिसतो.

आणि पास्ड बॉल. कॅचरने अडवायला हवा होता पण निसटला, असा चेंडू. १९६७ साली युकरच्या हातून असे २७ चेंडू सुटले, लीगमध्ये सर्वांत जास्त, तेही साठेक सामन्यांत. गृहस्थांनी हा आकडा विजयाने फडकावला आहे. पण ते चेंडू टाकत कोण होते, हे मात्र सांगितलेले नाही. त्या मोसमात युकर अटलांटा ब्रेव्ह्जकडे आला आणि फिल नीक्रोचे चेंडू झेलू लागला. नीक्रो टाकायचा नकलबॉल. हा चेंडू जवळजवळ न फिरता येतो, म्हणून हवा त्याला कुठेही ढकलते. तो शेवटच्या क्षणी कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसते. घाबरट कॅचर अशा वेळी साधा चेंडू मागतो. स्वतःचे आकडे सांभाळतो, संघाचे जे व्हायचे ते होवो. युकर नकलबॉलच मागत राहिला. त्या वर्षी नीक्रोचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर मांडलेल्या धावांची सरासरी, १.८७ होता, लीगमध्ये सर्वोत्तम. पुढे तो ३१८ सामने जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे ज्या २७ चेंडूंवरून फिर्यादी खटला चालवतो आहे, ते बचाव पक्षाचे साक्षीदार निघाले. युकर स्वतः हे कधी असे सांगत बसला नाही. नकलबॉल पकडायची उत्तम रीत म्हणजे तो घरंगळून थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग उचलून घ्यायचा, एवढेच तो सांगायचा. लोक हसायचे, आणि आमच्यासारखे गंभीर लोक तो कबुलीजबाब म्हणून नोंदवून घ्यायचे.

बाकीचे मुद्दे भराभर. युकर मालकाच्या मैत्रीतून माइकपर्यंत पोहोचला, असे गृहस्थ म्हणतात. खरे आहे. संघमालक बड सीलिगने त्याला आधी नवे खेळाडू हेरायच्या कामावर नेमले होते, आणि त्याने पाठवलेल्या अहवालाला जेवणाचे डाग पडलेले होते, ही गोष्ट सीलिगच सांगत असे. पण मैत्रीवर एखादा मोसम निघतो, ५४ निघत नाहीत. सिनेमात तो बरळतो, हेही खरे. ते पात्र आहे. ‘मेजर लीग’ पाहून युकरचे रेडिओ समालोचन जोखणे म्हणजे नाटकातला खलनायक पाहून नटाच्या घरी पोलीस पाठवणे.

मूळ मुद्दा अधिकाराचा. ज्याला स्वतःला जमले नाही त्याने दुसऱ्याच्या जमण्यावर बोलू नये. हे आपण संगीतात ऐकले आहे, नाटकात ऐकले आहे. एके काळी गायनसमीक्षकाला यमन तासभर गाऊन दाखवायला सांगणारे लोक होते. समीक्षकाने गाऊन दाखवले असते तर त्याच लोकांनी त्याच्या गाण्यावर टीका केली असती आणि तेव्हा स्वतः गायची अट मात्र विसरले असते. तो वाद मिटला असे मला वाटत होते. तो नुसता मैदान बदलून आला आहे.

शिवाय गृहस्थांची एक ठोक गल्लत आहे. अमेरिकेत माजी खेळाडूला बहुधा तज्ज्ञाच्या खुर्चीत बसवतात. चेंडूचेंडूचे वर्णन दुसरा करतो आणि हा मध्येमध्ये शहाणपण पुरवतो. युकर मिलवॉकीत तज्ज्ञ म्हणून बसला नव्हता. तो चेंडूचेंडूचे वर्णन करायचा. असा फटका चुकला, तसा खेळायला हवा होता, ही त्याची नोकरीच नव्हती. चेंडू कुठे गेला, कोण धावले, कोण पडले, हे शेतात, ट्रकमध्ये, गॅरेजमध्ये बसलेल्याला दिसेल असे सांगणे ही नोकरी होती. त्यासाठी किती होमरन लागतात? जो डिमॅजिओहून मोठा बॅटर कोण आणायचा? निवृत्तीनंतर १९५२ साली त्याला यँकीजच्या टीव्ही कार्यक्रमात बसवले. एका मोसमात प्रकरण संपले. डिझी डीन थोर पिचर होता आणि माइकवरही लोकप्रिय ठरला, हे मी मान्य करतो. १९४७ मध्ये त्याने समालोचन करता करता पिचरांवर इतके तोंडसुख घेतले की संघाने त्यालाच मैदानात उतरवले आणि त्याने चार इनिंग एकही धाव दिली नाही. गृहस्थांनी हे उदाहरण घ्यायला हवे होते. त्यांच्या बाजूने तेवढे एकच चांगले होते.

आता माझे म्हणणे. युकर मिलवॉकीत जन्मला, तिथल्या ब्रेव्ह्जकडून खेळू लागला. १९६५च्या मोसमानंतर तो संघ शहर सोडून अटलांटाला गेला. १९७०मध्ये ब्रूअर्स आले आणि १९७१पासून युकर त्यांच्या रेडिओवर. या संघाने वर्ल्ड सिरीजची फेरी एकदाच गाठली, १९८२ साली, आणि सातव्या सामन्यात हरला, तोही युकरच्या जुन्या कार्डिनल्सकडून. म्हणजे ५४ मोसमांत एकही विजेतेपद त्याला सांगायला मिळाले नाही. बहुतेक मोसमांत १६२ सामने आणि त्यातले कितीतरी हरलेले. असे सामने रोज लोकांना ऐकत ठेवायला, हरणे म्हणजे काय हे आतून माहीत असलेला माणूस लागतो. खेळाडू चुकला की त्याच्या आवाजात तुच्छता येत नसे. सामना अटीतटीचा असला की विनोद बंद. निकाल लागून गेला की गोष्टी सुरू. एबीसी, एनबीसीसारख्या देशभरच्या वाहिन्यांवर तो झळकला, पण मिलवॉकी सोडली नाही. २००३ साली त्याला समालोचकांचा फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार मिळाला. दुसरा पुतळा, ज्याचा गृहस्थांना जास्त राग आहे, २०१४ साली स्टेडियमच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर शेवटच्या रांगेत बसवला, कारण बिअरच्या जाहिरातीत पुढच्या रांगेची आशा धरून तो तिथे पोहोचतो. शहराने त्याच्यावर केलेला हा विनोद आहे, आणि तो त्याच्याच शैलीतला आहे.

बाकी वाचकांना एवढीच विनंती: त्याचे २००३चे पुरस्काराच्या वेळचे भाषण आणि एखाद्या हरलेल्या सामन्याचे तासभर समालोचन ऐका. गृहस्थांनीही ऐकावे. त्यानंतरही मत तेच राहिले तर त्यांनी पुन्हा लिहावे. मी पुन्हा उत्तर देईन.