राजाश्रय संपतो तेव्हा

अपयशाला भिऊन माणूस आहे तिथेच थांबतो, तेव्हा 'निदान इथे तरी मी सुरक्षित आहे' हे त्याने मनाशी धरलेले असते. ही समजूत किती पोकळ ठरू शकते, हे ग्वाल्हेरने दोनदा पाहिले आहे.

1810मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ ठोकला आणि त्यातून 'लष्कर' नावाचे शहर वसले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे इथल्या कितीतरी मराठी घरांचा संसार दरबाराच्या आधाराने चालला. कुणाला सरदारकी होती, कुणाला इनाम, कुणाला कारकुनी. हस्सू-हद्दू खाँ या गवई बंधूंचा ख्यालही याच आश्रयाला बहरला. मग 1948मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ज्यांनी दुसरे काही शिकून घेतले नव्हते, त्यांच्यासाठी तो आधार एका पिढीतच सुटला. पुढे सुरक्षिततेचा अर्थ बदलला. 1920च्या दशकापासून चाललेल्या जियाजीराव कॉटन मिलमधली नोकरी म्हणजे आयुष्याची सोय, असे हजारो घरांनी मानले. 1990च्या दशकात तीही गिरणी बंद पडली. दोन्ही वेळा जागेवर बसून राहणाऱ्यांनीही जोखीम घेतलीच होती. फक्त ती त्यांना दिसत नव्हती.

गाण्याच्या क्षेत्रात मात्र काहींना ती वेळेत दिसली. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914मध्ये, ऐन विशीत, ग्वाल्हेरमध्ये संगीत विद्यालय काढले. दरबार तेव्हा भक्कम उभा होता. विद्यालयाची तातडीची गरज कुणालाच भासत नव्हती. त्याही आधी, गायक वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात आले. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर यांनी 1896मध्ये मिरज संस्थानचा आश्रय सोडला आणि 5 मे 1901 रोजी थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. एका राजाच्या मर्जीऐवजी ते लोकांची फी, देणग्या आणि तिकिटाच्या मैफली यांवर विसंबले. ज्या समाजात घरंदाज माणसे गवयाचा पेशा हलका मानत, तिथे हे धाडस होते.

इथे 'भीती सोडा, उडी मारा' असे सांगणाऱ्यांनी थोडे थांबावे. पलुसकरांनी उडी मारली ती बाळकृष्णबुवांकडे सुमारे नऊ वर्षे तालीम घेतल्यानंतर. आणि तरीही ते अपयशातून सुटले नाहीत. पुढे मुंबईत काढलेल्या विद्यालयासाठी त्यांनी कर्ज काढून इमारत उभारली. कर्ज फिटले नाही, ती वास्तू लिलावात गेली. पुढे ते नाशिकला जाऊन राहिले आणि 1931मध्ये त्यांचे निधन झाले.

मग हे अपयश होते का? इमारतीपुरते होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य घडलेले होते. विद्या त्यांच्या गळ्यात होती. सावकाराला ती जप्त करता आली नाही. त्याच 1931मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. आजही देशभर मुले त्याच्या परीक्षा देतात.

आजच्या तरुणाने, आणि त्याला एकाच सरकारी परीक्षेच्या वाटेवर वर्षानुवर्षे बसवून ठेवणाऱ्या पालकांनीही, यातून दोन इशारे घ्यावेत. पहिला असा, की एकाच मालकावर, एकाच पदावर किंवा एकाच परीक्षेवर सारे आयुष्य टांगून ठेवणे हाही जुगार आहे. दुसरा असा, की तयारीशिवाय, घर गहाण टाकून घेतलेली उडी म्हणजे धैर्य नव्हे. पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हे फसले तर काय जाईल, ते गेलेले मला सोसेल का, आणि माझ्याजवळ काय उरेल? पैसा गेला तरी कौशल्य, माणसे आणि नाव उरणार असेल, तर भीती वाटत असतानाही निघावे. काहीच उरणार नसेल, तर आधी शिकावे, पण शिकण्याला मुदत घालावी. अखंड तयारी करत राहणे हीदेखील भीतीचीच एक सोयीस्कर बाजू आहे.

आणि हा हिशोब पगार वेळेवर येत असताना मांडावा. आधार सुटल्यावर तो मांडायला बसणाऱ्याच्या हातात निवड उरलेली नसते.