मोडके आसन आणि पुरते भाडे

विमानातील आसनाची पाठ मागे कलत नसेल, तर प्रवाशाने ती गोष्ट मुकाट्याने सोसावी, कारण कंपनीने त्याला एका शहरातून दुसऱ्या शहरी सुखरूप पोहोचविण्याचा करार केलेला असतो, त्याच्या पाठीला विसावा देण्याचा नव्हे, असे मत विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांतूनच नव्हे, तर पुष्कळशा सुजाण प्रवाशांच्या तोंडूनही आता ऐकू येऊ लागले आहे. हे मत दिसायला समंजस आहे, आणि म्हणूनच त्याचा परामर्श सविस्तर घेतला पाहिजे. कारण ते एकदा मान्य केले, की पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याच सोयीबद्दल प्रवाशाला दाद मागण्याचा अधिकार उरत नाही. माझे म्हणणे असे, की कलणारे म्हणून विकलेले आसन कलत नसेल, तर करार तेवढ्यापुरता अपुरा राहिला, आणि जेवढा तो अपुरा राहिला तेवढे भाडे परत करणे कंपनीवर बंधनकारक असले पाहिजे.

करार केवळ वाहतुकीचा आहे, हा पहिला आक्षेप कंपन्यांच्याच व्यवहाराने निकालात निघतो. ज्या कंपन्या दोन रांगांमधील अंतर इंचांत सांगतात, पाय लांब करता येतील अशा जागेचे निराळे शुल्क घेतात, खिडकीजवळच्या आणि पुढच्या रांगेतल्या जागेची किंमत वेगवेगळी लावतात, आणि लांबच्या प्रवासात सपाट शय्येसारखे पसरणारे आसन देतो म्हणून त्याच विमानातील दुसऱ्या प्रवाशापेक्षा तिप्पट-चौपट भाडे वसूल करतात, त्यांना आपण केवळ वाहतूकच विकली असे म्हणण्याची मुभा नाही. भाडे घेताना आसनाचा प्रत्येक इंच मोजायचा आणि तक्रार आली की आसन ही गौण बाब ठरवायची, ही दोन्ही मापे एका कंपनीने एकाच वेळी वापरणे न्यायाला धरून नाही.

याहून वजनदार आक्षेप तांत्रिक आहे, आणि तो प्रामाणिक अभियंत्यांकडून येतो. आसनाच्या हातावरील बटण दाबले की एक बारीक तार ओढली जाते, ती बैठकीखालच्या लहानशा नळकांड्यातील अटकाव सोडते, आणि मग पाठ मागे जाऊ शकते. बटण सोडले की ती त्याच ठिकाणी अडकून राहते. ही तार सैल झाली किंवा अडकली तर पाठ हलत नाही. उलट नळकांड्यातील तेल गळले वा अटकाव झिजला तर पाठ सरळ उभीच राहत नाही, आणि प्रवाशाच्या भाराने मागच्याच्या गुडघ्यांवर जाऊन पडते. सुरक्षेच्या दृष्टीने या दोन बिघाडांत मोठे अंतर आहे. उड्डाणाच्या आणि अवतरणाच्या वेळी प्रत्येक पाठ सरळ असलीच पाहिजे, असा नियम असल्यामुळे उभी न राहणारी पाठ दुरुस्त होईपर्यंत त्या जागी कोणाला बसविता येत नाही. पण सरळ स्थितीत पक्की अडकलेली पाठ विमान उडण्याच्या आड येत नाही. किरकोळ बिघाड असतानाही विमान कोणत्या अटींवर उडू शकते हे सांगणारी जी किमान उपकरण सूची प्रत्येक कंपनीला बाळगावी लागते, तिच्यातील सर्वांत सौम्य वर्गातल्या दुरुस्तीला १२० दिवसांपर्यंतची मुदत असते, आणि प्रवाशांची आसने सामान्यतः याच वर्गात मोडतात. तेव्हा नियमच जर चार महिन्यांची सवलत देतो, तर कंपनीचा दोष कोणता, असे विचारले जाते.

या प्रश्नाचे उत्तर असे, की ती सूची उड्डाणाची परवानगी देते, विक्रीची नव्हे. एका आसनापायी दोनशे प्रवाशांचे विमान जमिनीवर खिळवून ठेवावे, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. परंतु विमान उडण्यास योग्य आहे, एवढ्यावरून त्यातील प्रत्येक जागा पूर्ण भाड्याने विकण्यास योग्य आहे, असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय हा युक्तिवाद कंपनीच्याच अंगावर उलटतो. दुरुस्ती पुढे ढकलायची तर बिघाडाची नोंद करावी लागते. आणि नोंद झाली, म्हणजे अमुक क्रमांकाचे आसन सदोष आहे हे कंपनीच्या दफ्तरी तारीखवार लिहिलेले आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्या दिवशी ती नोंद झाली त्या दिवसापासून ते आसन आरक्षणाच्या नकाशावर निर्दोष म्हणून दाखविणे, ही जाणूनबुजून केलेली दिशाभूल आहे.

हे केवळ तर्काने सांगतो असे कोणी समजू नये. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळहून दिल्लीला एअर इंडियाच्या विमानाने निघाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले आसन मोडके व आत खचलेले निघाले. त्यांनी विचारणा केली असता, हे आसन चांगले नाही, त्याचे तिकीट विकू नये, असे व्यवस्थापनाला आधीच कळविले होते, असे विमानातील कर्मचाऱ्यांनी सांगितल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले. कंपनीने क्षमा मागितली, वृत्तपत्रांत दोन दिवस चर्चा झाली. मला यातील मंत्रिपदाचे काही महत्त्व वाटत नाही. महत्त्व आहे ते त्या कबुलीचे. विमानात काम करणाऱ्या माणसांना दोष ठाऊक होता, त्यांनी तो वर कळविला होता, विक्री थांबवावी असेही सुचविले होते, आणि तरीही ते तिकीट विकले गेले. तक्रार करणारा मंत्री नसता, तर त्या आसनाची कथा कोणाच्या कानी गेली असती?

नुकसानभरपाईच्या बाबतीत दुसरे एक प्रकरण याहून अधिक बोधप्रद आहे. तेलंगणाचे पोलीस महासंचालक राहिलेले रवी गुप्ता आणि त्यांच्या पत्नी २३ मे २०२३ रोजी सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाने हैदराबादहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाले. बिझनेस क्लासचे प्रत्येकी ६६,७५० रुपये त्यांनी मोजले होते. पण आसने विजेच्या बटणांनी कलण्याची जी व्यवस्था होती तीच बंद असल्यामुळे रात्र त्यांना जवळजवळ जागून काढावी लागली. कंपनीने प्रत्येकी दहा हजार मैलांचे गुण देऊ केले. ते त्यांनी नाकारले आणि ग्राहक आयोगाकडे फिर्याद गुदरली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या जिल्हा आयोगाने प्रत्येकी ४८,७५० रुपये १२ टक्के व्याजासह परत करावेत आणि त्याशिवाय मनस्तापापोटी एक लाख रुपये द्यावेत, असा हुकूम केला. यातील ४८,७५० हा आकडा नीट पाहावा. तो अनुकंपेने ठरविलेला नाही. वरच्या वर्गाच्या भाड्यातून इकॉनॉमीचे भाडे वजा केले म्हणजे जी बाकी उरते ती ही रक्कम आहे. जे दिले गेले नाही त्याची किंमत काय, हे कंपनीच्याच दरपत्रकावरून ठरते, हे तत्त्व त्यात आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत न्याय्य तत्त्व तेच आहे. मैलांचे गुण देणे म्हणजे ऋणकोने धनकोला आपल्याच दुकानातून पुढे केव्हातरी काही घेण्याचे आमंत्रण देणे होय. त्याने ऋण फिटत नाही.

आता स्वस्त भाड्याचा मुद्दा. चार-पाच हजारांत मुंबईहून दिल्लीला जायचे आणि वर आसनाच्या पाठीची तक्रार करायची, हे शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. युरोपातील रायनएअरसारख्या कंपन्यांनी कलणारी आसने मुळातच काढून टाकली. तेथे प्रवाशाला ते आधी ठाऊक असते, त्याने त्या हिशोबाने तिकीट घेतलेले असते, आणि म्हणून त्याची फिर्याद उभी राहत नाही. संकटकाळी ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता आले पाहिजे म्हणून संकटद्वाराच्या पुढील रांगेतील पाठी मुद्दाम स्थिर ठेवतात. तेही योग्यच आहे. न कलणे हा स्वतः दोष नाही. कलेल असे भासवून न कलणे हा दोष आहे, आणि भाडे अल्प असल्याने तो धुतला जात नाही.

पाठ मागे कलविणे हीच मुळी असभ्यता आहे, तेव्हा ती न कलली तर बरेच झाले, असेही एक मत आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नेवार्कहून डेन्व्हरला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात एका प्रवाशाने ‘नी डिफेंडर’ नावाचे अडकण लावून पुढच्या आसनाची पाठ रोखली, त्यावरून भांडण होऊन विमान शिकागोला उतरवावे लागले, हा प्रसंग या मताच्या पुष्टीसाठी वारंवार सांगतात. परंतु त्या भांडणाचे मूळ रांगांमधील आक्रसत गेलेल्या अंतरात आहे, आणि ते अंतर प्रवाशांनी कमी केलेले नाही. शिवाय सदोष आसनावर बसलेल्याला दुहेरी जाच होतो: पुढच्याची पाठ त्याच्या छातीपाशी येते आणि त्याची स्वतःची मात्र मागे जात नाही. विवेकाने, मागे वळून पाहून, जेवणाच्या वेळी पाठ सरळ करून या सोयीचा उपयोग करावा हे मला मान्य आहे. पण ज्याच्याजवळ सोयच नाही त्याला विवेक दाखविण्याची संधीही नाही.

ही चैनीची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानात डोळसपणे पाहावे. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी निघालेली सत्तरीतली आईवडील मंडळी, कित्येकदा आयुष्यातला पहिलाच लांबचा प्रवास, पंधरा-सोळा तासांचा, करीत असतात. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन आणि त्यांचे सहकारी यांनी कण्यातील चकत्यांवर येणारा दाब प्रत्यक्ष मोजून, पाठ मागे कलती असता तो दाब कमी होतो, असे अर्ध्या शतकापूर्वीच दाखवून दिले आहे. काटकोनात जखडलेल्या आसनावर पंधरा तास काढलेल्या माणसाला त्या मापनाची आवश्यकता नाही. त्याच्या कमरेला ते ठाऊक असते. आणि ही मंडळी तक्रार करीत नाहीत. एवढ्या मोठ्या विमानात आपणच कसे काही मागावे, या संकोचाने ती गप्प राहतात. त्यांच्या या भिडस्तपणावर कंपन्यांचा नफा उभा राहू नये, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची स्थिती अशी आहे. माँट्रियलचा आंतरराष्ट्रीय करार मृत्यू, शारीरिक इजा, सामान आणि विलंब यांचा विचार करतो. आसनाच्या प्रतीचा करीत नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मात्र १५ फेब्रुवारी २०२३ पासून एक चांगली तजवीज केली आहे: प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसविले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. बिझनेस क्लासचे न पसरणारे आसन हे नावाने वरच्या वर्गातले असले तरी व्यवहारात खालच्याच वर्गातले असते. तेव्हा ही तजवीज अशा आसनालाही लागू करावी, आणि इकॉनॉमीतील नोंदलेल्या बिघाडासाठी याच धर्तीवर एक लहानसे पण निश्चित प्रमाण ठरवून द्यावे. त्याचबरोबर दोषाची नोंद होताच ते आसन आरक्षणातून आपोआप बंद व्हावे. विमान भरलेलेच असेल आणि ते देणे भागच पडले, तर प्रवाशाला दोष आधी सांगून, त्याची संमती घेऊन, कमी भाड्याने द्यावे.

तोपर्यंत प्रवाशाने स्वतःचा पुरावा स्वतःच उभा करावा. जागेवर बसताच बटण दाबून पाहावे, म्हणजे दरवाजा बंद होण्यापूर्वी जागा बदलून मागता येते. जागा मिळाली नाही तर केबिन कर्मचाऱ्याला सौजन्याने, पण स्पष्टपणे, बिघाडाची लेखी नोंद करण्यास सांगावे. त्या बिचाऱ्यावर आवाज चढविण्यात काही अर्थ नाही, कारण दोष त्याचा नसतो आणि पुढे त्याचीच नोंद आपल्या कामी येते. बटण दाबलेले असता पाठ हलत नाही हे चित्रफितीत टिपावे, बोर्डिंग पास जपून ठेवावा, आणि कंपनीला आसनाच्या क्रमांकासह लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास सरकारचे एअरसेवा हे तक्रारींचे संकेतस्थळ, त्यानंतर १९१५ हा ग्राहक मदतीचा दूरध्वनी, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग असा मार्ग आहे. २०१९ च्या कायद्याने ही फिर्याद स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मागणी मात्र मोघम नसावी: जेथे दोन वर्गांची भाडी ताडून पाहता येतात तेथे हैदराबादचा हिशोब जसाच्या तसा पुढे ठेवावा, आणि जेथे ती येत नाहीत तेथे त्या जागेसाठी निराळे घेतलेले शुल्क तरी पूर्ण परत मागावे.