बचावाचा वकील : घाईतली निवड आरोपीला महागात

नवी दिल्ली : मध्य प्रदेशातील खंडवा येथे एका बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीसाठी सरकारी खर्चाने वकील नेमण्यात आला आणि त्याच दिवशी आरोपनिश्चितीही झाली. पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा सुनावली गेली. वकिलाला प्रकरण अभ्यासण्यास अवधीच मिळाला नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. आणखी काही फेऱ्यांनंतर २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे त्याने कोठडीत काढली.

फाशी वा जन्मठेप संभवते अशा खटल्यांत किमान १० वर्षे वकिली केलेल्यांनाच नेमावे आणि तयारीस साधारणतः किमान ७ दिवस द्यावेत, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले. स्वखर्चाने वकील नेमणाऱ्यांनाही हा मापदंड लावून पाहता येईल.

राज्यघटनेचा अनुच्छेद २२ अटक झालेल्यास पसंतीच्या वकिलाचा हक्क देतो. प्रत्यक्षात ही पसंती न्यायालयाच्या आवारात भांबावलेले नातेवाईक करतात आणि बहुधा ओळखीच्या नावावर थांबतात; दिवाणी दाव्यांत मुरलेला वकील फौजदारी उलटतपासणीत तितकाच तरबेज असेल असे नाही. साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः वकील घेणार की त्याचा कनिष्ठ सहकारी, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज वेळेत केला तरच. वकील हे दिवस मोजतो का, यावरून त्याची दक्षता कळते. निकालाची हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. निकालावर अवलंबून शुल्क ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

वकील बदलताही येतो. थकीत शुल्कापोटी पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० चा निर्णय आहे.

कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे वकील प्राधिकरण ठरवते, आरोपी नव्हे. खासगी वकील न परवडणाऱ्या आरोपीपुरता पसंतीचा हक्क आजही कागदावरच आहे.