संगणकाचा नकार

विश्वातील द्रव्यापैकी सुमारे पाच-षष्ठांश द्रव्य कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. दीर्घिकांच्या समूहात ताऱ्यांच्या हिशेबात न बसणारे वस्तुमान असले पाहिजे, असे फ्रित्स झ्विकी यांनी १९३३ सालीच दाखविले होते. हे कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे आजही अज्ञात आहे. मग जे कण कोणी पाहिलेच नाहीत त्यांची विश्वे संगणकावर उभारण्यात हशील काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर एका जुन्या प्रकरणात सापडते.

१९८० साली मॉस्कोतील शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोला सुमारे तीस इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमान असल्याचा दावा केला. न्यूट्रिनो विश्वात विपुल. तेव्हा कोडे सुटलेच, असे भल्याभल्यांना वाटले. परंतु १९८३ मध्ये सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक व मार्क डेव्हिस यांनी न्यूट्रिनोंनी भरलेले विश्व संगणकावर मांडून पाहिले. हे वेगवान कण द्रव्याचे लहान पुंजके पुसून टाकतात. त्यामुळे आधी अजस्र समूह जमतात आणि दीर्घिका फार उशिरा आकार घेतात. आकाशाच्या नकाशाशी हे जुळेना. उमेदवार बाद झाला! मॉस्कोचा आकडाही पुढे प्रयोगांत टिकला नाही. जर्मनीतील काट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये कमाल मर्यादा अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही खाली आणली.

संगणकाची खरी थोरवी, आमच्या मते, या नकारात आहे. त्याच्या होकाराला तेवढे वजन देता येत नाही. २००५ च्या 'मिलेनियम' गणनेत एक हजार कोटींहून अधिक कण होते आणि मंदगती कृष्णद्रव्यापासून दीर्घिकांचे जाळे हुबेहूब विणले गेले. पण त्यातील एकेक 'कण' सुमारे शंभर कोटी सूर्यांच्या वजनाचा! कण कसले, ती हिशेबाच्या सोयीची गाठोडी. द्रव्य मंदगती हवे एवढे ती सांगतात. ते कोणते, याविषयी मूक राहतात. त्यांची रंगीत चित्रे वृत्तपत्रांनी छायाचित्रांच्या थाटात छापू नयेत.

निवाडा भूगर्भातच व्हायचा आहे. अमेरिकेतील साउथ डाकोटात, जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खोलवर, दहा टन झेनॉन घेऊन 'लक्स-झेप्लिन' प्रयोग बसला आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांतही त्याच्या हाती कृष्णद्रव्याचा कण लागला नव्हता. आपल्याकडे झारखंडमधील जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ साली प्रयोगशाळा सुरू झाली. महासंगणकांसाठी तिजोरी उघडणाऱ्या सरकारने अशा खाणींपाशी हात आखडता घेऊ नये. झेनॉनमध्ये जड कण सापडत नसल्याने शास्त्रज्ञांचे लक्ष अ‍ॅक्सिऑनसारख्या अत्यंत हलक्या उमेदवारांकडेही वळले आहे, आणि त्यांचीही विश्वे संगणकावर उभी राहू लागली आहेत.