काळा कोट, आपल्या मापाचा

मैत्रिणींनो,

या वेळचं संपादकीय वकील बाईच्या काळ्या कोटावर लिहिणार म्हटल्यावर आमच्या मंडळातल्या दोघीजणी हसल्या. "एवढे प्रश्न पडलेत आणि तू कपड्यांवर लिहिणार?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणाले असते. म्हणालेच होते. त्याचीच ही हकिगत.

आमच्या केंद्रात येणारी एक मुलगी वकील झाली. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. सनद मिळाली, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा एक अर्ज आम्ही तिच्याकडे सोपवला. अर्जदार बाई दोन लेकरं घेऊन माहेरी राहिलेली, अंतरिम पोटगीची वाट बघणारी. मुलीने मला विचारलं, "ताई, कोट कसा घेऊ?" मी कपाटातला माझा जुना कोट काढून दिला आणि वर ऐकवलं, "कोटाचं काय घेऊन बसलीस? केस वाच."

तो कोट मी वकिली सुरू केली तेव्हा पुरुषांच्या तयार कपड्यांच्या दुकानातून घेतलेला. आमच्या गावात बाईच्या मापाचा कोट तेव्हा मिळतच नव्हता. मला तो मोठा व्हायचा, तिला तर फारच. तालुक्याच्या कोर्टात पुकारा झाला, ती उभी राहिली. बाह्या बोटांवर उतरलेल्या, खांदे दंडावर आलेले. कागद उलटायला हात वर केला की सगळा कोटच वर जायचा. समोरचा वकील हसत म्हणाला, "वडिलांचा घातलाय वाटतं!" कोर्टात हशा पिकला. तिचा धीर सुटला, पोटगीचा मुद्दा मांडायचाच राहिला. पुढची तारीख पडली. ती बाई दोन मुलांना घेऊन रिकाम्या हाताने एस.टी.त बसली.

तारीख निव्वळ कोटामुळे पडली असं नाही. नवी वकील, पहिली केस, कोर्टाची घाई, सगळंच होतं. पण संध्याकाळी ती मला जे म्हणाली ते माझ्या मनातून जात नाही. "ताई, तो कोट घालून मी तुमची जागा उसनी घेतल्यासारखी उभी होते."

आपल्या चळवळीत कपड्यांबद्दल बोलणं म्हणजे उथळपणा, असं आपण बरीच वर्षं मानलं. त्याला कारण होतं. बाईला तिच्या कपड्यांवरून जोखणाऱ्या समाजाशीच आपलं भांडण आहे. पण नटणं वेगळं आणि कामाचं साधन नीट असणं वेगळं. शेतात खुरपणारी बाई खुरप्याची मूठ हातात बसते का ते बघूनच ते घेते. तिला कोणी नखरेल म्हणत नाही. कोट हे वकिलाचं खुरपंच आहे.

आणि हे खुरपं आपल्या हातासाठी घडवलेलंच नव्हतं. रखमाबाईंवर नवऱ्याने केलेला दावा आठवा. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने त्यांना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्या दाव्यात त्यांच्या बाजूने वा विरुद्ध बोलणारी एकही बाई नव्हती, असणं शक्यच नव्हतं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाईला वकिली करता येईल असा कायदा देशात व्हायला १९२३ साल उजाडलं. मिठान टाटा, पुढच्या मिठान लाम, मुंबई हायकोर्टात वकिलीला उभ्या राहिल्या त्याही त्याच सुमारास. म्हणजे हा कोट आपल्या अंगावर येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली. त्याचे खांदे, त्याचे खिसे, त्याची लांबी दुसऱ्याच कुणासाठी ठरलेली आहे. आपण तो वागवत आलो, पण आपल्या मापाने पुन्हा बेतला नाही.

त्या मुलीबरोबर मग मी शिंप्याकडे गेले. जाण्याआधी दोघींनी नियम काढून वाचला. आपल्यापैकी किती जणींनी तो वाचलाय? कोर्टात बाईने साडीच नेसली पाहिजे असं तिला एका ज्येष्ठ वकिलांनी बजावलं होतं. तसं मुळीच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांत साडी आहे, लांब स्कर्ट आहे, सलवार-कुर्ता आणि चुडीदारही आहे, ओढणी घ्या अथवा घेऊ नका. साडी किंवा स्कर्ट पांढरा, काळा किंवा सौम्य रंगाचा, नक्षीविना. वर काळा कोट आणि पांढरे बँड. गाऊन फक्त हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात सक्तीचा. आणि ही दोन न्यायालयं सोडली तर उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. विदर्भातल्या मैत्रिणींनो, हे वाक्य कागदावर लिहून फायलीत ठेवा. एप्रिल-मे महिन्यात कुणी अडवलं तर दाखवायला बरं.

शिंप्याकडे काय शिकलो ते सांगते, नव्या मुलींच्या उपयोगी पडेल. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे, कारण बाकी सगळं वाढवता-घटवता येतं, खांदा बिघडला की कोट बिघडला. बाही मनगटाशी संपावी. माप देताना ताठ उभ्या राहू नका. कपाटावरची फाईल काढतो तसा हात वर करून बघा, खाली बसून बघा. मुंढ्यात आवळत असेल तर तिथेच सांगा. साडीवर घालणार असाल तर साडी नेसूनच माप द्या, निऱ्यांची आणि पदराची जाडी धरली जाते. पदर खांद्यावर पिनेने लावून कोटाच्या आत घेतला की सारखा घसरत नाही. अंगभर नायलॉनचं अस्तर नको. घाम जिरत नाही. निम्मं अस्तर, तेही सुती, पुरतं. चकाकणारं कापड टाळा, कोपरांवर आणखीच चकाकतं. बाजूच्या शिवणीत माया ठेवून घ्या. बाईचं शरीर बाळंतपणात, वयात बदलतं. दर वेळी नवा कोट कुठून आणणार?

आणि खिसे. शिंपी म्हणाला, "लेडीजला खिसा कशाला, पर्स असते ना?" तिने शांतपणे उत्तर दिलं, "बाजू मांडताना पर्स कुठे ठेवू?" दोन खोल खिसे आणि आत एक चोरखिसा करून घेतला. पेन, मोबाईल, एस.टी.चे पैसे आणि पाळीच्या दिवसांत लागणारं पॅड, सगळं त्यात मावतं. हात मोकळे.

घरी आजी कुरकुरली. काळं नेसायचं ते संक्रांतीला. कामाच्या पहिल्या दिवशी काळं कशाला? नातीने आजीच्याच हाताने गुंड्या पक्क्या करून घेतल्या. आता आजी सगळ्यांना तो कोट दाखवते.

यावर दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली संघटनांसाठी. शिकाऊ वकिलांना सुरुवातीला हातात फार थोडं मिळतं, आणि बेतून शिवलेल्या कोटाचा खर्च खेड्यातून आलेल्या मुलीला जड जातो. आपण पुस्तकपेढ्या चालवतो, तशा कोटांसाठी थोडा निधी का ठेवू नये? जुना कोट जरूर द्यावा, पण तिच्या मापाने उसवून, शिवून द्यावा. माझ्यासारखा नुसता हातात कोंबू नये.

दुसरी गोष्ट कोट घालणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठीही. हा कोट अंगावर चढला की समोरची बाई आपल्याला 'मॅडम' म्हणू लागते आणि तिचं बोलणं आखडतं. वऱ्हांड्यात तिच्याशी बोलताना तो काढून हातावर घेतला तर काही बिघडत नाही. कोर्टापुढे तो आपलं बळ आहे. तिच्यापुढे त्याची भिंत व्हायला नको.

पुढच्या तारखेला ती मुलगी आपल्या कोटात उभी राहिली. अंतरिम पोटगीचा आदेश झाला. तो कोटामुळे झाला नाही, तिच्या अभ्यासामुळे झाला. पण या वेळी तिचं लक्ष बाह्यांकडे नव्हतं, कागदांकडे होतं. आणि हसायला कुणाला जागा मिळाली नाही.

तुमच्या गावच्या कोर्टात काय अनुभव आले, कोणी कपड्यांवरून अडवलं का, हे जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.

सस्नेह,
तुमची संपादिका